आगोट

कोकणात जाण्याचे दिवस कोणते, असे विचारले असता बहुतेक लोक पौष-माघातील थंडीचे नाव घेतील. आंब्याचे लोभी असतील ते चैत्र-वैशाख सांगतील, आणि ज्यांना धबधब्यांची हौस ते श्रावण सांगतील. वैशाख सरत आला आहे, हवा कोंदली आहे, पश्चिमेस ढगांची किनार दिसू लागली आहे आणि सारा गाव कामाच्या घाईत आहे, अशा वेळी कोकणात जावे असे कोणी सुचविणार नाही. परंतु एखाद्या प्रदेशाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर तो सणावारांपेक्षा तयारीच्या दिवसांत अधिक स्पष्ट दिसतो. कोकणात या तयारीच्या दिवसांना आगोट म्हणतात.

आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि त्या तोंडापूर्वी उरकावयाची सारी बेगमी. घरावरील कौले परतून घ्यावयाची व फुटकी बदलावयाची. पडवीच्या पश्चिम अंगास झापांचे आडोसे बांधावयाचे. लाकूडफाटा व गोवऱ्या कोरड्या जागी रचावयाच्या. तांदूळ, डाळी, मीठ, मिरची चार महिने पुरेल इतकी भरून ठेवावयाची. आमसुले, फणसपोळ्या, आंब्याची साठे, कुरडया आणि सांडगे उन्हाची धग आहे तोवर वाळवून डब्यांत घालावयाचे. समुद्रकाठच्या गावांत याशिवाय होड्या ओढून वर आणावयाच्या व झापांनी झाकून ठेवावयाच्या. वादळपावसास भिण्याची ही रीत नव्हे. तो येणारच हे धरून, त्याच्या आधी हातातील कामे संपविण्याची ही रीत आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या पावसाळ्यास जे लागू, तेच आयुष्यातून एकदाच येणाऱ्या सेवानिवृत्तीस कितपत लागू पडते, हा प्रश्न या प्रवासात माझ्यापुढे पुनःपुन्हा उभा राहिला. आणि तो सुटला नसला तरी थोडा उकलला, म्हणून हा लेख.

प्रवासाचे निमित्त घरगुती होते. माझे मावसबंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, दापोली तालुक्यातील मुरुड गावी आपल्या वडिलार्जित घरात राहतात. (जंजिऱ्याचे मुरुड निराळे, हे हर्णैच्या दक्षिणेचे.) माझ्या नोकरीची दोनच वर्षे राहिली आहेत. पुढे काय करावयाचे याचा विचार घरात सुरू झाला, तेव्हा अण्णांनी फोनवरून सांगितले, “अरे, पेन्शनीचे हिशेब पुण्यास बसून मांडू नकोस. इकडे येऊन चार पेन्शनर बघ, मग ठरव.” त्याप्रमाणे २०२५ च्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी निघालो.

कोकण रेल्वेच्या खेड स्थानकावर उतरले म्हणजे दापोलीस जाण्यास सुमारे तीस किलोमीटरांचा चढउताराचा रस्ता लागतो. दापोली हे गाव समुद्राजवळ असूनही समुद्रकाठी नाही. ते जांभ्याच्या उंच पठारावर वसले आहे आणि त्यामुळे तेथील हवा खालच्या गावांपेक्षा सौम्य असते. या हवेमुळेच १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणातील आपली छावणी येथे वसविली. जुन्या पिढीतील माणसे अजूनही या गावास कॅम्प दापोली म्हणतात. पुढे १८४० च्या सुमारास लढाऊ पलटणी येथून हलविल्या गेल्या, आणि त्यानंतर काही वर्षे येथे वयस्क शिपायांची पलटण ठेविली होती. ती मोडल्यावरही पेन्शनीत निघालेले शिपाई व सुभेदार आपल्या कुटुंबांसह येथे राहत असत. म्हणजे ज्याला आज आपण निवृत्तांची वसाहत म्हणू, तशी वसाहत या पठारावर दीडशे वर्षांपूर्वी होती.

या पेन्शनरांपैकी एकाचे नाव साऱ्या देशास ठाऊक आहे, ते त्यांच्या मुलामुळे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर आपल्या कुटुंबासह काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. पुढे साताऱ्यास त्यांनी पुन्हा नोकरी धरली, आणि नंतर मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत बिऱ्हाड केले. तेथे ते पहाटे दोन वाजता उठून मुलास अभ्यासास जागे करीत, आणि त्याला पुस्तक हवे असले व पैसा नसला तर विवाहित मुलींकडून दागिना मागून घेऊन तो गहाण टाकीत. हा मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. पलटणीत पहाऱ्यावर जागण्याची सवय ज्याला होती, त्या मनुष्याने निवृत्तीनंतरही पहारा सोडला नाही. फक्त पहाऱ्याची जागा बदलली, असे दापोलीच्या त्या जुन्या वाटांवरून हिंडताना मनात आले.

दापोलीहून समुद्राकडे जाणारा रस्ता आसूदवरून उतरतो. डोंगराच्या कुशीत माड-पोफळीच्या दाट बागा, त्यांतून खेळविलेले पाटाचे पाणी आणि वर केशवराजाचे देऊळ, असे हे स्थळ आहे. भर उन्हाळ्यात येथे शिरले असता अंगावर ओली सावली पडल्यासारखे वाटते. तेथून थोडे पुढे गेले की एका वळणावर समुद्र दिसतो, आणि मग मुरुड. गाव आखीव आहे. मधून सरळ रस्ता, दोन्ही अंगांस जांभ्याचे गडगे, त्यांच्या आत घरे, घरांमागे वाड्या आणि वाड्यांमागे पुळण. दुर्गादेवीच्या देवळातील लाकडी खांबांवरचे कोरीव काम मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

अण्णांची नोकरी रेल्वेच्या कंट्रोल कचेरीत झाली. हे काम काय असते याची बाहेरच्या माणसास फारशी कल्पना नसते. एका मोठ्या कागदावर आडव्या अंगास वेळ आणि उभ्या अंगास स्थानके मांडलेली असतात. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावर सरकणारी एक तिरपी रेघ. कोणती गाडी कोठे थांबवावयाची, कोणती पुढे काढावयाची, एकेरी मार्गावर कोणाची गाठ कोणत्या स्थानकात पाडावयाची, हे कंट्रोलरने कानाशी फोन धरून क्षणोक्षणी ठरवावयाचे. सदतीस वर्षे अण्णांनी ही कामगिरी केली. त्यांतील निम्मी रात्रीच्या पाळीत. २०१७ साली ते साठ वर्षांचे होऊन निवृत्त झाले आणि मुरुडास आले.

“पहिले सहा महिने मी अगदी स्वस्थ बसलो,” ते सांगत होते, “आणि जन्मात कधी आजारी पडलो नाही इतका आजारी पडलो. रात्री दोनला जाग यायची. फोन वाजला असे वाटायचे. कोठे गाडी घसरल्याची बातमी आली की मी जुन्या कचेरीत फोन लावायचो. पोरे आदराने बोलायची. पण एकदा एकाने सांगितले, साहेब, आपला फोन चालू असेतो माझी लाइन अडते. त्या दिवसापासून फोन केला नाही.”

मग वाडीकडे लक्ष गेले. आजोबांनी लावलेली पोफळी, माड, त्यांवर चढविलेल्या मिरवेली आणि मधून मधून जायफळे, अशी ती वाडी होती. शिंपण्याची व्यवस्था अण्णांनी कागदावर रेघा ओढून बसविली. कोणत्या आळ्याला किती वाजता पाणी, याचे वेळापत्रक केले. वाडी सुधारली, प्रकृती सुधारली. आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले.

वाचकांस ते वादळ आठवत असेल. अरबी समुद्रात उत्पन्न होऊन ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या भागांतील बागा त्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळीचे झाड उंच, सडपातळ आणि उथळ मुळांचे. एक पडले की शेजारच्यास घेऊन पडते. अण्णांच्या वाडीत उभी पोफळ शोधावी लागली. रोप लावल्यापासून पोफळीस फळ धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात, आणि पूर्ण बहरास येण्यास त्याहून अधिक. अण्णांचे वय तेव्हा त्रेसष्ट होते. पुण्यास नोकरीत असलेल्या त्यांच्या मुलाने सरळ विचारले, “आता लावून खाणार कोण?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, काळजीचा होता. अण्णांनी उत्तर दिले नाही. त्या पावसाळ्यात त्यांनी वाडीत काम करणाऱ्या कुटुंबाच्या मदतीने रोपे लावली. मी गेलो त्या वेळी त्यांपैकी काहींस प्रथमच शिंपुटे धरली होती.

मुरुडच्या रस्त्यावर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा पुतळा आहे. अण्णासाहेबांचे बालपण याच गावात गेले. १८७५ साली सतरा वर्षांचा हा मुलगा सरकारी परीक्षेस बसण्यासाठी पावसाळी हवेत, सोबत्यांसह सह्याद्री चढून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत चार दिवसांत साताऱ्यास गेला. तेथे परीक्षकांनी त्याची लहानखोर मूर्ती पाहून वयाचा दाखला खरा मानला नाही व त्यास परत पाठविले. पुढील इतिहास सर्वांस परिचित आहे. परंतु निवृत्तीच्या दृष्टीने तो कोणी मोजीत नाही, म्हणून येथे मोजून पाहू. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी त्यांनी १८९१ साली धरली व १९१४ साली सोडली. तेव्हा वय छप्पन्न. त्यानंतर १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते युरोप, अमेरिका व जपान यांच्या प्रवासास निघाले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवे मंडळ उभारले, आणि १९४४ साली समता संघ. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ साली ते वारले. छप्पन्नाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्या मनुष्यापुढे अजून अठ्ठेचाळीस वर्षे उभी होती.

दुसरे उदाहरण महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे. त्यांचे वडील दापोलीस वकील होते आणि त्यांचे शालेय शिक्षण दापोलीतच झाले. हायकोर्टातील वकिलीचा व्याप सांभाळून त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली प्रसिद्ध केला, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. शेवटचा भाग १९६२ साली निघाला, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. मनुष्याच्या आयुष्याची शकले करणाऱ्या आश्रमव्यवस्थेचा विचार त्या ग्रंथात विस्ताराने आला आहे. मनूने सांगितले की अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकले केस आणि मुलास मूल झालेले दिसले म्हणजे गृहस्थाने वनाचा आश्रय करावा. पुढील शास्त्रकारांनी तर वानप्रस्थ हा कलियुगात वर्ज्य अशा आचारांत घातला. अर्थात वनाची वाट शास्त्रानेच बंद केली, आणि साठीच्या गृहस्थास घरातच आपले वन शोधावयाचे राहिले. ते त्यास लगेच सापडत नाही, हीच खरी अडचण आहे.

परंतु थोरांची उदाहरणे घेताना एक गोष्ट विसरू नये. कर्वे आणि काणे यांनी निवृत्तीनंतरचे काम निवृत्तीपूर्वीच सुरू केले होते. विधवांचा आश्रम १८९६ सालचा. हिंगण्यास तो गेल्यावर अण्णासाहेब कॉलेज संपवून कित्येक वर्षे पायी तेथे जात. काण्यांचे ग्रंथवाचन वकिलीच्या भरातच चालू होते. त्यांनी आगोट वेळेवर केली होती.

तारीख २२ मे रोजी हवा बदलली. दक्षिण कोकण व गोवा यांच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र बनल्याची वार्ता आली आणि मासेमारीस जाऊ नये असा इशारा निघाला. महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे कोळ्यांच्या कमाईचे शेवटचे दिवस. तेच या वादळी हवेने हिरावून घेतले. दुसऱ्या दिवशी, तारीख २३ रोजी, अपरा एकादशी होती. अण्णांचा व वहिनींचा उपास. दुपारचा चहा घेऊन आम्ही दोघे हर्णैस गेलो.

हर्णैचे बंदर प्राचीन आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड हे त्याचे पहारेकरी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा बळकट आधार होता. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजीच्या हातून घेतला. एवढा इतिहास असूनही या बंदरास आडोसा बेताचाच. दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा वारा उठला की येथील नौका उत्तरेस आंजर्ल्याच्या खाडीत अथवा दक्षिणेस दाभोळ-जयगडकडे पळतात. आंजर्ल्याची खाडी जवळची. पण तिच्या तोंडावर वाळूचा भर साठलेला असतो, आणि भरती पुरेशी नसेल तर नौका तेथे टेकते व लाटा तिला उलथून टाकतात.

खाडीच्या अलीकडील काठावर अण्णांच्या ओळखीचा एक म्हातारा तांडेल बसला होता. चाळीस वर्षे त्याने नौकेचे सुकाणू धरले. दृष्टी अधू झाल्यावर चार वर्षांपूर्वी ते मुलाच्या हाती दिले. मुलगा अजून बाहेर होता. “भांगाचे पाणी आहे,” तांडेल म्हणाला, “भरती चढायची ती थोडीच.” कोळ्यांत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. एकादशीचे अकरा, त्यांची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या आगेमागे भरतीचा जोर सर्वांत कमी असतो आणि पुढे अमावास्येकडे तो वाढत जातो. एकादशी ही त्या मधल्या दुबळ्या दिवसांपैकीच.

आणखी एक गोष्ट त्याने दाखविली. मे महिन्यात दुपारनंतर वारा समुद्रावरून जमिनीकडे यावयाचा. त्या दिवशी तो सूर्य मावळतीस आला तरी पूर्वेकडून, जमिनीवरूनच वाहत होता. मतलई वारा पहाटेचा. तो संध्याकाळी वाहतो आहे म्हणजे समुद्रात कोणीतरी त्याला ओढून घेत आहे, असे त्याचे म्हणणे. शास्त्रही हेच सांगते. आपल्या गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता केंद्र आपल्या डाव्या हातास असते. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी हा नियम १८५७ साली मांडला. आम्ही पूर्वेकडे पाठ करून उभे राहिलो. डावा हात दक्षिणेस आला. वादळ रत्नागिरीच्या बाजूस आहे हे रेडिओवाचून कळले.

वादळांचा हा अभ्यास कोणी वाढविला हे पाहिले तर येथेही एक निवृत्त मनुष्य भेटतो. हेन्री पिडिंग्टन हा इंग्रज जहाजाचा कप्तान समुद्रावरील नोकरी सोडून कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथे बसून त्याने बंगालच्या उपसागरातील वादळांत सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा मिळविल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि १८४८ सालच्या आपल्या ग्रंथात या फिरत्या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. तो ग्रंथ खलाशांसाठी होता. वादळात सापडल्यास जहाज कोणीकडे वळवावे हे त्यात सांगितले होते. १८५३ साली मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा विचार चालला, तेव्हा ते वादळाने वाहून जाईल असा इशारा त्याने गव्हर्नर-जनरलास लिहून दिला. कोणी ऐकले नाही. पिडिंग्टन १८५८ साली वारला, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात पोर्ट कॅनिंग वादळाने उद्ध्वस्त केले. सुकाणू सोडलेल्या मनुष्याने काठावरून काय करावे याचा हा एक नमुना: त्याने दुसऱ्याचे जहाज हाकले नाही, पण हाकणाऱ्याच्या हाती जाणते ज्ञान ठेविले.

आठ वाजून गेले. अंधारात खाडीच्या तोंडाबाहेर तीन दिवे हलत होते. काठावर बायकापोरे जमली होती. कोणी बोलत नव्हते. अशा वेळी जुन्या दुर्घटना न आठवतील तर नवल. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट किनारा जवळ असता बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली, ही गोष्ट कोकणात अजून ऐकू येते. पहिली नौका वाळूवरून सरकून आत आली. दुसरी आली. तिसरी तांडेलाच्या मुलाची. ती तोंडाशी येऊन थबकली, मागे झाली, पुन्हा थबकली. म्हाताऱ्याच्या हातात मोबाइल होता. अण्णा न राहवून म्हणाले, “अहो, त्याला सांगा ना, थोडा उत्तरेकडून घे म्हणावे!”

तांडेलाने मान हलविली. “आता सुकाणू त्याच्या हातात आहे, अण्णा. मी बोललो तर तो पाण्याकडे बघायचे सोडून माझ्याकडे बघेल.”

तिसऱ्या खेपेस एका मोठ्या लाटेच्या पाठीवर नौका आत शिरली. म्हाताऱ्याने मोबाइल खिशात घातला आणि मग त्याचे हात थरथरू लागले. परत येताना गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कचेरीतल्या त्या पोराचे मला तेव्हा फार लागले होते.” एवढेच.

घरी आलो तो वहिनी ओटीवर आमसुलांच्या परड्या आत घेत होत्या. दोन दिवस ऊन नव्हते. सोले चिकट झाली होती, साठांवर बुरशी धरू लागली होती. आगोट पंधरा दिवस आधीच अंगावर आली होती आणि ती बहुतेक एकट्या त्यांच्या अंगावर आली होती. फोनवर मुलगा पुन्हा तेच म्हणत होता, की या पावसाळ्यात तरी दोघांनी पुण्यास यावे. अण्णांनी नेहमीप्रमाणे वाडीचे कारण सांगितले. फोन ठेवल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “ह्यांना साठाव्या वर्षी सरकारने घरी पाठविले. मला कोण पाठविणार? तेव्हा डबा रात्री दहाला लागायचा, आता चहा पहाटे पाचला लागतो. वाडी ह्यांची निवृत्ती आहे. माझी तर नोकरीच चालू आहे.”

त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक झोंबले. निवृत्तीविषयी जितके लेख मी वाचले त्यांत पेन्शन, प्रकृती, छंद, देवधर्म सारे काही होते. घरातील दुसऱ्या माणसाच्या कामाचा हिशेब कोठेच नव्हता. पुरुष निवृत्त होतो तेव्हा घरातील काम घटत नाही, वाढते. दुपारचे एक जेवण आणि दोन चहा तरी नक्कीच वाढतात.

तारीख २४ रोजी सकाळी त्या क्षेत्राचे अवदाब झाले आणि भर दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत गेले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळास पोहोचला. नेहमीची तारीख १ जून, म्हणजे आठ दिवस आधी. मुरुडात पहाटेपासून पावसाची झोड उठली होती. निसर्ग वादळापुढे हा वारा काहीच नव्हता. परंतु पाच वर्षांची कोवळी पोफळ त्यापुढे किती टिकते हे कोणास ठाऊक? अण्णा पडवीत उभे राहून वाडीकडे पाहत होते. शेंडे जमिनीकडे वाकत आणि परत येत. दुपारनंतर वारा ईशान्येस, मग उत्तरेस वळला, आणि वादळ ओसरल्याचे कळले. वाडीत एक जुना माड आणि थोड्या पोफळी पडल्या होत्या. बाकीच्या उभ्या होत्या, शिंपुट्यांसकट.

संध्याकाळी वाडीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा पडलेली झाडे पाहावयास आला. निसर्गानंतरची रोपे त्याच्याच हातची. अण्णांनी त्याला ओटीवर बसविले व सांगितले की पुढील वर्षापासून वाडी अर्धेलीने त्याने करावी; शिंपण्याच्या वेळा, खत, विक्री सारे त्याने ठरवावे. तो गोंधळून म्हणाला, “आणि तुम्ही, अण्णा?” अण्णा म्हणाले, “मी विचारलेस तर सांगेन.” चार महिन्यांचा पावसाळा पुण्यास काढावयाचे ठरले. वहिनींनी एकच अट घातली: पुण्यास सकाळचा चहा अण्णांनी करावयाचा. दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्याची तालीम करीत होते. साखर अंमळ जास्त पडली.

सुज्ञ वाचकांपैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल. त्यांनी एखाद्या सुट्टीत पेन्शनीचे आकडे बाजूस ठेवून तीन गोष्टी तपासून पाहाव्यात, असे मला या प्रवासानंतर वाटू लागले आहे. हातांस रुचेल असे काही काम आपण आजच सुरू केले आहे काय? ज्याच्या हाती आपले सुकाणू द्यावयाचे, त्याला ते धरू देण्याइतके आपण गप्प राहू शकतो काय? आणि ज्या माणसाला सेवानिवृत्तीचा कागद कधीच मिळणार नाही, त्याच्या कामातील आपला वाटा कोणता? ही तिन्ही कामे शेवटच्या दिवशी होण्याजोगी नाहीत. उन्हे आहेत तोवरच ती उरकावी लागतात.

ता. २६ रोजी मोसमी पाऊस मुंबईस पोहोचला. त्याच दिवशी मी पुण्याच्या वाटेस लागलो. ताम्हिणीत धुके इतके दाट होते की गाडीवानाने दिवे लावले होते. पिशवीत वहिनींनी दिलेली आमसुले होती, थोडी ओलसर; पत्नीने ती घरी आल्या आल्या तव्यावर किंचित शेकून बरणीत भरली, आणि पुढील खेपेस ती कशी वाळवावयाची हे मीच शिकून यावे असे सांगितले.